पाकळ्या की बोटे? : सिंगापूरमधील एक आठवडा

सोमवार : चांगी आणि सनटेक

चांगी विमानतळाला जोडूनच असलेल्या 'ज्युएल' या वास्तूत सामानाची गाडी ढकलत शिरलो, तेव्हा आधी पाण्याचा आवाज आला आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या झाडीच्या मधोमध, काचेच्या छताच्या खोलगट मध्यातून खाली कोसळणारा ४० मीटर उंचीचा धबधबा दिसला. मोशे सफदी या वास्तुविशारदाने आखलेली ही वास्तू २०१९ मध्ये खुली झाली. छतावर पडणारे पावसाचे पाणी साठवून येथे धबधब्यासाठी आणि झाडांसाठी वापरले जाते, आणि बंदिस्त वास्तूतील जगातील सर्वांत उंच धबधबा म्हणून याची नोंद होते. हे सर्व मला आधीपासून ठाऊक होते, कारण वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना अलंकरणाचा इतिहास शिकवताना निसर्गापासून स्फुरलेल्या रचनांमध्ये या वास्तूचा उल्लेख आता टाळता येत नाही. छायाचित्रांतून न जाणवलेली गोष्ट मात्र समोर उभे राहिल्यावर जाणवली : या धबधब्याला कडा नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाच्या मनात धबधबा म्हणजे आधी काळा कातळ, मग त्यावरून सुटलेले पाणी आणि शेवटी त्या पाण्याखाली भिजणारी, ओरडणारी, कणसे खाणारी माणसे, असा क्रम असतो. येथे पाणी एका गोल छिद्रातून सुटते, खाली पारदर्शक नळकांड्यात उतरते आणि भोवतालचे शेकडो लोक कोरडे राहून छायाचित्रे काढतात. न्यायला आलेले भाचेजावई अभियंते असल्यामुळे त्यांना त्यात निराळेच कौतुक होते. "मामा, हे पाणी पडताना आजूबाजूची हवा थंड करते, म्हणजे वातानुकूलनाचे काही काम धबधबाच करतो," असे ते म्हणाले. त्यांच्यासोबत आलेल्या चिनी सहकाऱ्याला मात्र कडाही आठवला नाही आणि तापमानही आठवले नाही. पाणी बाहेर न वाहता छपरातून घराच्या पोटात येते, ही गोष्ट त्याला सर्वांत समाधानाची वाटत होती, कारण फंग शुईच्या हिशेबात पाणी म्हणजे संपत्ती आणि ती आत यावी, साठावी, हेच इष्ट.

त्याच्याच आग्रहावरून संध्याकाळी सनटेक सिटीमधील 'फाउंटन ऑफ वेल्थ' पाहिले. हे कारंजे १९९५ मध्ये उभे राहिले आणि १९९८ मध्ये गिनेसच्या नोंदीत जगातील सर्वांत मोठे कारंजे ठरले. चार तिरप्या खांबांवर पेललेल्या कांस्याच्या प्रचंड कड्यातून पाणी मध्याकडे, म्हणजे आतल्या दिशेने पडते. भोवतालचे पाच मनोरे ही डाव्या हाताची बोटे आणि कारंजे हा तळहात, अशी संकुलाची कल्पना आहे, तर कड्याच्या रचनेचा आधार मात्र हिंदू मंडल हा आहे. ठराविक वेळी मोठे फवारे थांबवले जातात आणि मग लोक मधल्या लहान कारंज्यात उजवा हात बुडवून तीन फेऱ्या मारतात. तो सोहळा पाहताना मला व भाचीला एकाच वेळी हसू आले, कारण आमच्या दृष्टीने ती सरळसरळ प्रदक्षिणा होती. फेऱ्या मारणाऱ्या चिनी कुटुंबांना तसे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पाण्याच्या एका वळणात कोणी तिजोरी पाहतो आणि कोणी देवालय, हे येथे उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मंगळवार : मरिना बे

सकाळी एस्प्लनेड नाट्यगृहांपासून सुरुवात केली. १२ ऑक्टोबर २००२ रोजी उद्घाटन झालेली ही दोन घुमटाकार वास्तू सिंगापूरचे रहिवासी 'डुरियन' याच नावाने ओळखतात. डुरियन हे काटेरी सालीचे, अतिशय उग्र वासाचे आणि येथे फळांचा राजा मानले जाणारे फळ. त्याचा वास इतका तीव्र की मेट्रोमध्ये ते नेण्यास मनाई आहे. वास्तुविशारदांच्या मनात मात्र हे फळ नव्हते. लंडनच्या मायकेल विल्फर्ड यांचे कार्यालय आणि सिंगापूरची डीपी आर्किटेक्ट्स ही संस्था यांनी आरंभी काचेच्या उघड्या कवचांची कल्पना मांडली होती. विषुववृत्ताजवळच्या उन्हात असे काचेचे घुमट भट्टीसारखे तापले असते, म्हणून त्यांवर ॲल्युमिनियमची सात हजारांहून अधिक त्रिकोणी छत्रे बसवण्यात आली. सूर्याच्या मार्गानुसार प्रत्येक भागातील छत्रांचा कल बदलतो, त्यामुळे थेट ऊन अडते आणि उजेड आत येतो. डीपी आर्किटेक्ट्सच्या वतीने या प्रकल्पाची धुरा वाहणाऱ्या विकास गोरे यांनी (हे नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील, माझेही टवकारले होते) फळाची नक्कल करण्याचा हेतू नव्हता, असे स्पष्ट केलेले आहे. लोकांनी ते ऐकले नाही. आरंभीच्या टीकेतून आलेले टोपणनाव आता अभिमानाने घेतले जाते.

मला स्वतःला ते डुरियन वाटले नाही. कोकणात आजोळ असलेल्या माणसाला तो फणस वाटतो. अर्धा कापलेला, पालथा घातलेला फणस, आणि त्या विचारासरशी हाताला तेल लावण्याची आठवणही होते. शेजारी उभ्या असलेल्या युरोपीय पर्यटकांच्या गटात त्याच घुमटांना माशीचे डोळे म्हटले जात होते. यात बरोबर कोण, हा प्रश्न निरर्थक आहे. उन्हापासून बचावाच्या गणितातून निघालेला आकार लोकांनी आपापल्या परसदाराशी जोडून घेतला, आणि ज्यांच्या परसदारी तसे फळच नव्हते त्यांनी कीटकापर्यंत मजल मारली. निसर्गापासून प्रेरणा घेतलेली रचना असे आपण म्हणतो, तेव्हा ती प्रेरणा कागदावर आखणाऱ्याच्या बाजूला असते असे गृहीत धरतो. येथे ती संपूर्णपणे पाहणाऱ्यांच्या बाजूला आहे.

पुलावरून पलीकडे गेलो की याच प्रश्नाची उलटी बाजू दिसते. २०११ मध्ये उघडलेले आर्टसायन्स म्युझियम हेही सफदी यांचेच काम आहे. तळाशी एकत्र बांधलेले आणि वर वेगवेगळ्या उंचीपर्यंत उमलत गेलेले दहा पांढरे, बाकदार भाग असे त्याचे रूप आहे. वाडग्यासारख्या छतावर पडणारे पावसाचे पाणी मधल्या छिद्रातून सुमारे ३५ मीटर खाली तळ्यात पडते आणि इमारतीच्या पायाशी कमळांचे तळेही केलेले आहे. आम्हा भारतीयांना ते कमळ आहे याबद्दल एक क्षणही शंका येत नाही. परंतु ज्यांच्या कंपनीने या संग्रहालयासह मरिना बे सँड्स हे संकुल उभारले, त्या शेल्डन ॲडेल्सन यांनी या वास्तूला सिंगापूरचा स्वागताचा हात म्हटले होते. म्हणजे ज्या दहा गोष्टी आम्हाला पाकळ्या दिसतात, त्या त्यांना बोटे दिसत होत्या. मी बराच वेळ त्या दहा भागांकडे बोटे म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. ज्याच्या घरात लक्ष्मीची तसबीर टांगलेली असते, त्याचा डोळा या बाबतीत लवचीक राहत नाही.

कमळ म्हटल्यावर सर्वांना एकच कमळ दिसते, असेही नाही. अकराव्या शतकातील चिनी तत्त्ववेत्ता झोउ दुन्यी याने कमळाला फुलांमधील सज्जन म्हटले, कारण ते चिखलातून वर येऊनही मळत नाही. शेवंती ही त्याच्या लेखी एकांतवासी आणि पियोनी ही श्रीमंतीची खूण. गीतेच्या पाचव्या अध्यायातील दृष्टांत याच्या अगदी जवळचा आहे, परंतु तेथे फूल नाही, पान आहे आणि चिखल नाही, पाणी आहे. चिनी विद्वानाने शुचितेसाठी फुलाकडे पाहिले, तर गीतेने अलिप्ततेसाठी पानाकडे. जपानमध्ये हेच फूल बुद्धमूर्तीशी आणि मृतांच्या स्मरणाशी इतके निगडित आहे की मंगलप्रसंगी तेथे कमळाचा आकार सहसा निवडला जात नाही. आणि जर्मनीत बॉन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कमळाच्या पानावरील मेणाचे सूक्ष्म उंचवटे पाहिले, पाण्याचा थेंब घसरताना धूळही घेऊन जातो हे दाखवून दिले, आणि १९९९ मध्ये त्या तत्त्वावरचा इमारतींचा रंग बाजारात आला. अलिप्ततेचा दृष्टांत आम्ही दोन हजार वर्षे पाठ केला आणि त्यातून स्वतःच स्वतःला धुणारी भिंत निघू शकते हे आम्हाला सुचले नाही, असे मी भाचीला म्हणालो. तिचे उत्तर असे होते की बॉनमधल्या लोकांना ते पान पाहून मोह सोडावासा वाटला नाही, त्याचे काय. तिच्या उत्तरात तथ्य आहे हे मान्य करावे लागेल.

१९८६ मध्ये पूर्ण झालेल्या दिल्लीच्या बहाई उपासना मंदिराचा विषय साहजिकच निघाला. फरीबोर्झ साहबा या इराणी वास्तुविशारदाने भारतभर हिंडून, येथील अनेक धर्मांना सारखेच आपले वाटेल असे चिन्ह शोधले आणि २७ पाकळ्यांचे कमळ निवडले. तेथे पाहणाऱ्याचा डोळा आधी वाचला गेला आणि मग इमारत आखली गेली. मरिना बेला दररोज येणाऱ्या पन्नास देशांच्या लोकांचा एकच डोळा गृहीत धरणे शक्यही नव्हते, त्यामुळे तेथे पाकळ्या आणि बोटे सुखाने एकत्र नांदतात.

बुधवार : जुराँग

जुराँग तलावातील बेटांवर चिनी उद्यान आणि जपानी उद्यान शेजारी शेजारी आहेत. दोन्ही १९७० च्या दशकातील. औद्योगिक वसाहत उभारली जात असताना कामगारांना विसाव्याची जागा हवी, या विचारातून ती झाली आणि दीर्घ नूतनीकरणानंतर २०२४ मध्ये पुन्हा खुली करण्यात आली. अलंकरणाच्या अभ्यासकासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही, कारण दोन्हीकडे साहित्य तेच आहे, दगड, पाणी, पूल आणि झाड, आणि तरीही एका बागेतून दुसरीत गेल्यावर चालण्याचा वेगसुद्धा बदलतो.

चिनी उद्यान उत्तरेकडील राजेशाही शैलीत आहे. बीजिंगच्या ग्रीष्म प्रासादातील सतरा कमानींच्या पुलावर बेतलेला तेरा कमानींचा पांढरा पूल ओलांडून आत गेलो की सात मजली पॅगोडा दिसतो, आणि तो दुरून दिसावा यासाठीच बांधलेला आहे. चिनी बागेत निसर्ग हा रंगमंचावर येतो तसा येतो : प्रवेशाचे दार, मग पडदा, मग अचानक उघडणारे दृश्य. सर्वांत जास्त वेळ मी सुझाऊ शैलीच्या वामनवृक्षांच्या बागेत घालवला. चिनी रसिकांनी दगड निवडण्याचे निकष शेकडो वर्षांपूर्वीच ठरवून ठेवले आहेत : तो कृश असावा, सुरकुतलेला असावा, त्याला आरपार छिद्रे असावीत आणि त्यातून हवा-उजेड खेळावा. हे गुण एखाद्या दगडात एकत्र आले की तो दगड म्हणजे लहानसा डोंगर नव्हे, तर एक व्यक्ती होते. सुंग काळातील चित्रकार आणि सुलेखनकार मी फू (१०५१–११०७) याने अशा एका खडकापुढे अधिकृत वेशात वाकून नमस्कार केला आणि त्याला थोरला भाऊ म्हणून संबोधले, ही आख्यायिका चिनी चित्रकारांनी पुढे पुन्हा पुन्हा रंगवली.

जपानी उद्यानाची आखणी नाकाने किन्साकू यांची आहे. शिमानेतील आदाची संग्रहालयाची प्रसिद्ध बाग आणि बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बाग याही त्यांच्याच. येथे दगड व्यक्ती होत नाही. त्याचा मोठा भाग जमिनीत पुरलेला असतो आणि वर दिसतो तो तुकडा जणू पूर्वीपासून तेथेच होता, असा भास निर्माण केला जातो. दगडाची स्वतःची काही मागणी असते आणि मांडणाऱ्याने ती ऐकावी, असा उपदेश अकराव्या शतकापासून जपानी उद्यानकारांना दिला जातो. ही मागणी ऐकण्यासाठी पाहणाऱ्यालाही वाकवले जाते; पायवाटेवरील दगड मुद्दाम असमान अंतरावर असतात, त्यामुळे नजर खाली जाते, पाऊल मोजून टाकावे लागते आणि वर पाहण्याची परवानगी जेथे रुंद दगड असेल तेथेच मिळते. या कारागिरीचे मला नेहमीच आश्चर्य वाटते, आणि थोडा रागही येतो. इतकी आज्ञा करणारी साधेपणाची शिस्त जगात दुसरी नसेल.

मग आपल्याकडे दगडाचे काय होते? गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर, वडाच्या पारावर असलेला दगड शेंदूर फासला की म्हसोबा होतो. देवीचा असेल तर तो तांदळा म्हणून पुजला जातो. त्याला हातपाय-डोळे कोरलेच पाहिजेत असे नाही. कोरल्याशिवाय दगडाला मान देण्याची ही रीत मी फूच्या नमस्काराच्या फार जवळची आहे, हे जुराँगमध्ये प्रथमच लख्खपणे कळले. फरक एवढाच, की चिनी रसिकाला दगडाची प्रत्येक सुरकुती महत्त्वाची वाटते आणि शेंदराच्या थरांखाली आमच्या दगडाचा पोत वर्षागणिक दिसेनासा होतो. आमचे नाते अधिक रोजचे आहे, त्यांची नजर अधिक बारीक आहे. सौंदर्यदृष्टीच्या वर्गात आम्ही यात कमी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. भाचीचे मत असे की दगडाला सणासुदीला नैवेद्य मिळतो तेवढे पुरे.

गुरुवार : कातोंग आणि कंपाँग ग्लाम

सकाळी पाऊस होता, त्यामुळे उशिरा निघालो. कून सेंग रस्त्यावरील पेरानाकान घरांच्या रांगा पाहण्यासाठी रोज गर्दी असते. चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांचा हा समाज, आणि त्यांच्या घरांवर पियोनीची फुले, फिनिक्स, हरणे आणि चकचकीत फुलांच्या फरश्या एकत्र आढळतात. यांपैकी अनेक फरश्या इंग्लंड-बेल्जियममधून आलेल्या आर्ट नूव्हो (वेलीफुलांच्या वळणदार रेषांची युरोपीय शैली) वळणाच्या, तर अनेक त्यांच्या धर्तीवर जपानमध्ये बनवलेल्या आहेत. त्याच काळात जपानी कारखाने भारतासाठीही फरश्या घडवत होते आणि त्यांवर रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून घेतलेली देवदेवतांची रूपे असत. म्हणजे मळवलीच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी जपानला जाऊन, चिनीमातीवर चढून, परत आमच्या भिंतींवर आली. पाश्चात्त्यांची वेल, जपानची भट्टी आणि गिऱ्हाइकाची श्रद्धा असा हा व्यवहार होता. तेथे कोणाच्या निसर्गाला कोणी प्रेरणा दिली हे ठरवणे अशक्य आहे.

जुन्या घरांच्या खिडक्यांवर हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांचा आकार काही ठिकाणी पंख पसरलेल्या वटवाघळाचा असतो. चिनी परंपरेत वटवाघूळ हे सौभाग्याचे चिन्ह आहे आणि पाच वटवाघळे एकत्र काढली की दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि सुखाचे मरण ही पाच सुखे सूचित होतात. आमच्या घरात वटवाघूळ शिरले तर आई उंबऱ्यावर मीठमोहरी घेऊन उभी राहत असे. तो झरोका पाहून भाचेजावयांना केवळ हवा खेळती ठेवण्याची युक्ती दिसली, आणि त्यांना दिसले तेही खरेच होते.

दुपारी अरब स्ट्रीटवरील कापडाच्या दुकानांत एक गोष्ट सापडली, जी मी आता वर्गात प्रत्येक वर्षी सांगणार आहे. मलय सारोंगच्या मधल्या उभ्या पट्ट्यात समोरासमोर उभ्या केलेल्या उंच, निमुळत्या त्रिकोणांची ओळ असते. दुकानदार बाईंनी सांगितले की हे बांबूचे कोंब आहेत. कोंब सरळ वर उठतो, आणि बांबू मोठा झाला की शेंडा वाकवतो, म्हणून ते वाढीचे आणि विनयाचेही चिन्ह आहे. मलय मुसलमान कारागिरांनी सजीव प्राण्यांची रूपे टाळून वनस्पतीला भूमितीत उतरवण्याची ही कला फार उंचीला नेली आहे. त्याच रस्त्यावरील तमिळ विक्रेत्याच्या दुकानात तशाच त्रिकोणांची ओळ कांजीवरम साडीच्या काठावर होती, आणि त्याला विचारले असता उत्तर तत्काळ मिळाले : हे देवळाचे शिखर. आणि आमच्या विदर्भातील टसरच्या साडीवर, भंडारा-नागपूरकडील विणकरांच्या हातून उतरलेला हाच दातेरी त्रिकोण करवती काठ म्हणून ओळखला जातो. त्यांना तो करवतीच्या दात्यांसारखा दिसला. कोंब, शिखर आणि सुताराचे हत्यार! तीनही ठिकाणी धागा, माग आणि त्रिकोण सारखाच; विणकराच्या आयुष्यात जवळची गोष्ट कोणती, एवढाच काय तो फरक.

शुक्रवार : गार्डन्स बाय द बे

२०१२ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानाबद्दल मनात पूर्वग्रह घेऊनच गेलो होतो. २५ ते ५० मीटर उंचीचे पोलादी 'सुपरट्री', एकूण १८, आणि त्यांच्या अंगावर चढवलेल्या नेची, ऑर्किड व वेली, हे छायाचित्रांत मला नेहमीच एखाद्या उत्सवाच्या कमानीसारखे वाटत आले. प्रत्यक्षात मत बदलले, आणि त्याचे कारण असे की हे झाड झाडाची साल रंगवून दाखवत नाही. त्याचे पोलाद पोलादासारखे दिसते. काही झाडांच्या माथ्यावर सौरपट्ट्या आहेत आणि काहींच्या पोकळ खोडांतून काचघरांशी जोडलेल्या यंत्रणेची गरम हवा बाहेर टाकली जाते. उद्यानाची आखणी करणाऱ्या संस्थेचे अँड्र्यू ग्रँट यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील उंच कॅरी वृक्षांच्या जंगलाचा उल्लेख प्रेरणा म्हणून केलेला आहे. आमच्याकडील नगरपालिकेच्या बागेत सिमेंटचे ओंडके असतात, त्यांवर साल आणि गाठी रंगवलेल्या असतात, आणि शेजारी तोंड उघडून कचरा मागणारा सशाचा डबा असतो. सिमेंटला लाकडाचे रूप देण्याचे हे तंत्र एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये लोकप्रिय झाले. १८६७ मध्ये खुल्या झालेल्या पॅरिसच्या ब्यूत-शोमाँ उद्यानात फांद्यांसारखे दिसणारे सिमेंटचे कठडे आजही आहेत. आमच्या डोळ्याला ती नक्कल अजून गोड वाटते. भाचीच्या शेजारच्या चिनी आजी मात्र सुपरट्रीजवर खूश नव्हत्या. ज्या झाडाला सावली नाही त्याला झाड का म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता, आणि दुपारी दीड वाजता त्याला उत्तर देणे कठीण गेले.

काचघरांबद्दल थोडक्यातच सांगतो. इंग्लंडच्या क्यू उद्यानातील पाम हाऊस हे १८४० च्या दशकात उष्ण प्रदेशातील झाडांना थंडीपासून वाचवण्यासाठी बांधले गेले. येथील काचघर समशीतोष्ण प्रदेशातील झाडांना उष्म्यापासून वाचवते. आत शिरताच युरोपीय पाहुणे घरची झाडे ओळखतात आणि भारतीय पाहुणे महाबळेश्वरची हवा ओळखतात.

विचार करायला लावले ते वारसा-उद्यानांनी, जेथे सिंगापूरच्या समाजांचे वनस्पतींशी असलेले संबंध स्वतंत्र वाफ्यांत मांडलेले आहेत. मलय भागात गावातील घराभोवतीची फळझाडे व औषधी आहेत, चिनी भागात कवी-चित्रकारांच्या एकांताची कल्पना आहे, आणि वसाहतकालीन भागात रबर, तेल्याताड, जायफळ, लवंग अशी पिके, कारण साम्राज्याच्या डोळ्याला झाड म्हणजे उत्पन्न. याच शहरातील वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडले यांनी रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढण्याची पद्धत बसवली, तीवर मलायातील मळे उभे राहिले. भारतीय भागाची आखणी मात्र तमिळ कोलमच्या फुलावर केलेली आहे. ती सुबक आहे, आणि तरीही मला खटकली. कोलम तांदळाच्या पिठाने पहाटे काढतात, मुंग्या आणि चिमण्या ते खातात, माणसांच्या पायांखाली ते पुसले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतात. कोलमचा निसर्गाशी असलेला संबंध त्याच्या पाकळ्यांत नसून मुंगीच्या पोटात आहे. कायमस्वरूपी वाफ्यात बसवलेल्या कोलममध्ये आकार उरला आणि व्यवहार गेला. (आमची रांगोळी शिरगोळ्याची, ती मुंग्याही खात नाहीत, त्यामुळे या बाबतीत मराठी माणसाने फार मान वर करू नये.)

शनिवार : पिकरिंग स्ट्रीट आणि तांजोंग पगार

शेवटच्या दिवशी 'वोहा' या सिंगापूरच्या संस्थेच्या दोन इमारती पाहिल्या. पिकरिंग स्ट्रीटवरील हॉटेल २०१३ मधले. त्याच्या पोटात काँक्रीटचे थर नदीने कोरलेल्या खडकासारखे किंवा डोंगरउतारावरील भातखाचरांसारखे वळत जातात आणि त्यांतून झाडे लोंबतात. हिरवाईचे एकूण क्षेत्र सुमारे १५,००० चौरस मीटर, म्हणजे मूळ भूखंडाच्या दुपटीहून अधिक आहे. तांजोंग पगारमधील २०१६ चा ओएशिया मनोरा तर लाल ॲल्युमिनियमच्या जाळीने वेढलेला आहे आणि त्या जाळीवर वीसहून अधिक जातींच्या वेली चढत आहेत. काळाच्या ओघात लाल कमी आणि हिरवा अधिक दिसावा अशीच योजना आहे. सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९६३ मध्ये वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली आणि १९६७ मध्ये उद्याननगरीचे उद्दिष्ट जाहीर केले, त्या धोरणाचे हे आजचे टोक आहे. आता येथे इमारतीवरील झाड ही नियमांनी उत्तेजन दिलेली, मोजली जाणारी, निगा राखली जाणारी गोष्ट आहे. आम्ही उभे असताना दोराला लटकलेले माळी बाराव्या-तेराव्या मजल्याच्या कुंड्यांमधील वाळलेली पाने काढत होते. पाणी साचून डासांची पैदास होऊ नये यासाठी येथे फार कडक तपासणी असते.

या इमारतींचे कौतुक करताना माझा डोळा सारखा अडखळत होता, आणि त्याचे कारण सिंगापूरमध्ये नव्हते. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठेत वाड्याच्या भिंतीतून पिंपळ उगवला की त्याचा अर्थ एकच होतो : भाऊबंदकीत वाडा अडकला आहे, डागडुजी कोणी करीत नाही आणि चौथा पावसाळा भिंत पाहणार नाही. पिंपळ तोडायचा तर धाडस होत नाही आणि ठेवायचा तर मुळे चुना फोडतात. भिंतीवर शेवाळ म्हणजे गळती, छतावर गवत म्हणजे मालक परदेशी. क्योतोच्या मंदिरात शेवाळ जपण्यासाठी माणसे ठेवलेली असतात आणि सिंगापूरमध्ये वेलीला जाळी बांधून देतात. आमच्या पावसाने आम्हाला वेगळे शिकवले आहे, आणि चार महिने कोसळणाऱ्या पावसाचा अनुभव हा अडाणीपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. या प्रकारच्या इमारती आमच्या विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत हल्ली सर्रास उगवतात. त्यांत माळ्याचा दोर, पाण्याचा निचरा आणि वार्षिक खर्च मात्र कोठेच काढलेला नसतो.

"मामा, आपल्या कोथरूडच्या सोसायटीत असं लावलं तर?" भाचीने वर पाहत विचारले.

"कमिटी दुसऱ्या दिवशी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावेल," मी म्हणालो.

"आणि पाटीलकाकू त्यातून कढीपत्ता तोडून नेतील," असे म्हणून भाचेजावयांनी विमानतळाकडे जाणारी गाडी मागवली.